रिकाम्या डब्याचा धडा

मास्तर, तुम्हाला मातीत ठेवलं त्याला आज नववा दिवस. तुमच्यात दहावा-तेरावा नसतो हे मला पाठ आहे, पण उद्या माझ्या पत्र्यावर कावळा बसला तर मी त्याच्याकडे जरा निरखून बघणार, एवढं आधीच सांगून ठेवतो. रागावू नका. चाळीस वर्षं हुज्जत घालणारा माणूस एकाएकी गप्प बसतो म्हणजे काय? मला कुणाशी तरी बोलायला पाहिजे. म्हणून लिहायला बसलो.

लोक तुमच्यावर काय काय लिहून राहिलेत. आदर्श शिक्षक, चर्चच्या मंडळीचे आधारस्तंभ, मितभाषी. मितभाषी! मास्तर, तुम्ही! रविवारी चर्चमध्ये तुम्ही 'प्रार्थना करू या' म्हणालात की तिकडे सिद्धेश्वरच्या धरणातले मासे डोळे मिटायचे. माशांना पापण्या नसतात, तरी मिटायचे. मी स्वतः कोळ्यांच्या तोंडून ऐकलंय.

हं. ऐकू आलं मला. "दत्ता, डबा वजा कर."

बरं. मासे डोळे मिटत नव्हते. पण चर्चमागच्या लिंबावरच्या साळुंक्या उडायच्या. हे मी या डोळ्यांनी बघितलंय.

जे आपल्या दोघांना ओळखत नाहीत त्यांना या डब्याचं सांगायला पाहिजे. माझा बाप जवळा बाजारात तेल विकायचा आणि मी त्याची तागडी धरायचो. पुढं मापाडी झालो, आधी आठवडी बाजारात, मग हिंगोलीच्या हळदीच्या मार्केटात. माप हा माझा धंदा आणि थापा हा छंद. म्हणून गावानं नावच पाडलं, दत्ता मापाडी, पक्का थापाडी. तुम्ही शाळेत नवे आले होतात. चर्चचे पाळक व्हायला कुठल्याशा मोठ्या शहरात शिकायला गेलेले आणि मास्तर होऊन परत आलेले. तुम्ही काहून परत आलात याची गावात तीन कारणं चालू होती. तिन्ही मीच पसरवली होती.

एका बाजारच्या दिवशी तुम्ही तेलाला पत्र्याचा डबा घेऊन आलात. मी तो रिकामाच एका पारड्यात ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात दगड, दोन खिळे, वरून चिमूटभर वाळू टाकत दांडी सरळ केली. मग तेल ओतायला घेतलं.

"हे काय करून राहिलास?"

"धडा करून राहिलो, मास्तर. डब्याचं वजन तेलात धरायचं न्हाई. म्हणून आधी रिकाम्याला बराबर करायचं, मग माल."

"याला धडा म्हणतात?"

"मग काय म्हंतात?"

तुम्ही जे उभे राहिलात ते उभेच. मागं गिऱ्हाइकांची रांग औंढ्यापर्यंत गेली. "मी रोज पोरांना धडे शिकवतो," तुम्ही म्हणालात, "आणि धडा मला आज कळला." बापानं मला चिमटा काढला, म्हणाला, मास्तर चक्रम दिसतो, तेल दे आणि वाटेला लाव. वाटेला कसले लागताय! त्या दिवसापासून तुम्ही माझ्या ओट्यावर जे बसलात ते आत्ता नऊ दिवसांपूर्वी उठलात.

आणि मला मात्र तो डबा चिकटला. मी सांगायचो, सिद्धेश्वरला गळाला असा मासा लागला की त्याला बाहेर ओढलं तर धरणाची पातळी उतरली आणि कालव्याचं पाणी बंद झालं. तुम्ही चहाची बशी खाली ठेवायचात. "डबा वजा कर." दोन किलोचा होता, मास्तर. तुमची भुवई वर. दीड. भुवई तिथंच. "विकत घेतला होता." मग भुवई खाली यायची आणि तुम्ही बशी पुन्हा तोंडाला लावायचात. गावात दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती. तुम्ही तसं म्हणालात की मला ऐकावं लागायचं, कारण तुम्ही कधी हसून म्हणाला नाहीत आणि कधी चिडूनही म्हणाला नाहीत. मी दांडीकडे बघावं तसं तुम्ही माझ्याकडे बघायचात.

तुमचं खूळ म्हणजे तो नैसर्गिक नियम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, पाटबंधारे खात्याचं काहीतरी परिपत्रक आहे. मी म्हणालो, निसर्गाला कसला आलाय नियम, यंदाचा पाऊस बघितलात का? "पावसाचा नाही रे, माणसाचा," तुम्ही म्हणालात, आणि शेजारचा रिकामा डबा उचलून पारड्यात ठेवलात. देवानं दहा आज्ञा नंतर दिल्या, म्हणालात. त्याआधी त्यानं प्रत्येकाच्या काळजात धडा करून ठेवला. तुझ्या, माझ्या, ज्यानं त्याचं नाव कधी ऐकलं नाही त्याच्यासुद्धा. काय बरं, काय वाईट, हे तोलायची दांडी आधीच सरळ करून दिलीय. म्हणून तर आज्ञा त्यात टाकली की तिचं वजन कळतं. धडाच नसता तर देव काय सांगतो आणि तुझा बाप काय ओरडतो, दोन्ही नुसता आवाज.

मी सोडतो होय? "मांजर उंदीर खाते, मास्तर. तो बी निसर्गच. मग मोठ्यानं बारक्याला खावं, बराबर?"

"मांजराचा निसर्ग नखात, माणसाचा विचारात. उंदीर खाऊन पस्तावलेलं मांजर पाहिलंस कधी?"

"आमचं पस्तावतं. शनिवारी उपास धरतं."

"डबा."

दुसऱ्या दिवशी मी नवी गोम काढली. दांडी मारणारा व्यापारी, त्याचं काय? त्याच्या काळजातला धडा कुठं गेला? तुम्ही उलट मलाच विचारलंत, "विकताना दांडी मारणारा माणूस घेताना माप कसं मागतो, दत्ता?" माझा जन्म गेलाय त्यात. घेताना त्याला एक हळकुंड कमी चालत नाही. तीन वेळा काटा बघतो, पारड्याखाली हात घालून बघतो. "म्हणजे त्याला कळतं," तुम्ही म्हणालात. "कळत नसतं तर दोन्हीकडे चुकला असता." ही गोष्ट मी त्यानंतर हिंगोलीच्या अख्ख्या मार्केटला माझी म्हणून सांगितली. आज कबूल करतो, तुमची होती.

पाळकसाहेबांना तुमचं हे रुचत नव्हतं, हे तुम्हालाही ठाऊक होतं. एकदा माझ्याच ओट्यावर ते म्हणाले, "मास्तर, सगळं जर जन्मतःच काळजात असेल तर प्रभूची गरज काय उरली? मग हा दत्ता आणि आपण सारखेच की." मी आपला छाती काढून बसलो, सारखेच म्हटल्यावर. तुम्ही माझ्या काट्याकडे बोट दाखवलंत. "काटा पोत्याचं वजन सांगतो, साहेब, पोतं उचलत नाही. कसं वागावं ते मला कळतं, पण माझ्याच्यानं उचलवत नाही. म्हणून मी रविवारी गुडघे टेकतो." पाळकसाहेबांनी मान हलवली. ती उभी हलवली की आडवी, हे मला आजवर समजलं नाही.

पण माझा हुकमी एक्का होता बापूराव. तुमच्या दफनभूमीला लागून त्याचं शेत. बांधासाठी सख्ख्या भावाशी बोलणं सोडलेला माणूस. सकाळी उठला की आधी बांध मोजायचा, देवाला हात नंतर. एकदा घुशीनं बांध पोखरला तर यानं घुशीला वकिलाची नोटीस पाठवली. (बरं, वजा करतो. घुशीला नाही, भावाला पाठवली, घूस तुझ्या बाजूची आहे म्हणून.) मी तुम्हाला विचारायचो, "याच्या काळजावर बी बरं-वाईट लिहिलंय म्हंता? पेन्सिलीनं लिहिलं असंल, पुसलं."

"पुसलं नाही. धूळ बसलीय. थांब."

"किती थांबू?"

"मी थांबून राहिलोय ना? तुला काय घाई?"

मग तो माणूस आला.

बाजाराच्या दिवशी, भर उन्हात, एसटी स्टँडच्या बाकावर येऊन बसला आणि कलंडला. मी जवळ होतो. तांब्यातलं पाणी तोंडाला लावलं, त्यानं दोन घोट घेतले आणि संपला. पिशवीत एक कंगवा, एक घडी केलेलं धोतर, फडक्यात अर्धी भाकर. नाव नाही, गाव नाही. जमादारानं पंचनामा केला, चौकशा केल्या, वाट बघितली, कोणी आलं नाही. मग म्हणाला, ओळख पटलेली नाही तर जाळता येत नाही, पुरायलाच पाहिजे, गावानं जागा दाखवावी. गावानं कारणं दाखवली. सगळी कारणं अगदी सभ्य होती. कुठं खडक लागत होता, कुठं कुणाला विचारावं लागणार होतं, आणि आम्ही म्हणालो, आमच्यात तर पुरतच नाहीत. शेवटी सगळे तुमच्या दफनभूमीच्या कमिटीकडे बघायला लागले.

कमिटी चर्चच्या ओसरीत बसली. विल्सनराव अध्यक्ष. माणूस गोड, पण नियमाचा पक्का. जागा टीचभर, कुटुंबं वाढलेली, प्रत्येकानं आपली जागा नेमून ठेवलेली. मंडळीबाहेरच्याला जागा नाही, असं त्यांनी वाईट वाटून घेत सांगितलं. बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तो माणूस गोणपाटाखाली वाट बघत होता.

तेव्हा मी पुढं झालो. "साहेब, याला शेवटचं पाणी म्या पाजलं. घोट गिळला, आभाळाकडं बघितलं अन् म्हणाला, प्रभू येशू, मला जवळ घे. या कानानं ऐकलं."

मास्तर, थापा मी पुष्कळ मारल्या, पण तशी पुन्हा नाही जमली. विल्सनरावांनी चष्मा काढून पुसला. पाळकसाहेबांनी हात जोडले. एकजण तर फावडं आणायला उठलासुद्धा. मी मनात म्हणालो, दत्ता, आज तुझा छंद सार्थकी लागला.

आणि कोपऱ्यातून तुमचा आवाज. "दत्ता, डबा वजा कर."

"मास्तर, ऱ्हाऊ द्या ना."

"कर."

सगळी ओसरी माझ्याकडे बघत होती. मी चपलेकडे बघितलं. "पाणी म्हणाला. तेवढंच. पाणी."

फावडं आणायला उठलेला खाली बसला. मला तुमचा गळा धरावासा वाटला, मास्तर, खरं सांगतो. तुम्ही उठून उभे राहिलात. "यानं पाणी मागितलं आणि दत्तानं दिलं," तुम्ही म्हणालात. "कोणत्या पुस्तकात वाचून दिलं? दत्तानं जन्मात पुस्तक उघडलेलं नाही." लोक हसले. मला लागलं, कारण खरं होतं. "मेलेल्याला असं उन्हात ठेवू नये, हे इथं कुणाला शिकवावं लागलं? बाहेर बघवत नाही म्हणून तर सगळे आत येऊन बसलोय. मग तो आपला होता का, हे काहून विचारून राहिलो? त्यानं प्रभूचं नाव घेतलं नाही. प्रभूनं त्याला घडवलं, मला तेवढं पुरे." मग तुमचा आवाज जरा बसला. "मार्थेच्या शेजारची जागा माझ्या नावाची आहे. ती त्याला द्या."

मार्थावहिनी, तुमची बायको, त्याच्या दोन वर्षं आधी गेल्या होत्या. शाळा सुटली की तुम्ही रोज तिथं जायचात, त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेतलं गवत उपटायचात आणि निघताना 'आलोच' म्हणायचात. सगळ्या गावानं ते ऐकलेलं होतं. त्या जागेत त्या दिवशी तुम्ही स्वतः उतरलात आणि खालून हात वर करून त्या माणसाला झेललंत.

परत येताना मी तुमच्याशी जे भांडलो ते स्टँडवरच्या लोकांना अजून आठवतं.

"माझी थाप चालली होती! फुकटात काम झालं असतं! वहिनीची जागा ऱ्हायली असती. कुणाचं वाईट झालं असतं, सांगा?"

"जो नाव घेणार नाही त्याचं."

"म्हंजे?"

"उद्या दुसरा कोणी असा मरेल. लोक विचारतील, यानं नाव घेतलं का? मागच्यानं घेतलं होतं. तू त्याला जागा मिळवून देत होतास, दत्ता, आणि पुढच्याची घालवत होतास."

मी म्हणालो, पुढच्याला बी माझी थाप हाय की, थापा काय संपल्या व्हय? तुम्ही हसलात. पण मी हसलो नाही. खोटं बोलून भलं होत असेल तर ते खोटं तरी का म्हणावं, हा माझा सवाल, आणि तो तुम्ही शेवटपर्यंत सोडवला नाहीत. दर वेळी नवं उत्तर आणायचात, मी दर वेळी त्यात भोक पाडायचो. एकदा तर तुम्ही म्हणालात, "तुझ्या सवालात वजन आहे, माझ्याकडे अजून तेवढा दगड नाही." हे मी तेव्हा गावभर सांगितलं. मास्तर हरले म्हणून! आज वाटतं, इतक्या सरळपणे हरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि असा माणूस माझ्या ओट्यावर बसायचा याचा मला केवढा ताठा आहे, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. परभणीपासून वाशीमपर्यंत सगळ्यांना सांगितलं. तुम्हालाच तेवढं राहिलं.

तुम्ही जायच्या तीन दिवस आधी दुपारी मी आलो होतो. खाटेवर तुम्ही इतके बारीक दिसत होतात की चादर कुणावर घातलीय ते शोधावं लागलं. (हे वजा करू नका. हे तसंच होतं.) मी जुनं उकरलं. माझी थाप चालवली असती तर आता वहिनीजवळ गेला असतात, म्हणालो.

"विल्सन येईल तुझ्याकडे," तुम्ही म्हणालात. "त्याचं मन मोठं आहे. म्हणेल, त्या माणसाला हलवू. हलवू देऊ नकोस. तो आधी आलाय. आणि मार्थेला पाहुण्यांची सवय आहे."

"आन् तुमी?"

"मला काय, कुठंही. फाटकाजवळ टाका."

"हे करुणाला सांगा की. लेक हाय तुमची."

"तिला सांगितलं तर तिला रडू येईल आणि ती माझं ऐकणार नाही. म्हणून तुला सांगून राहिलो."

"मला? मास्तर, मी थापाडी."

"म्हणून तर," तुम्ही म्हणालात. "वजा कसं करायचं, ते तुलाच येतं." आणि डोळे मिटून घेतलेत.

जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या थापाड्याकडे तुम्ही तुमचं शेवटचं खरं ठेवायला दिलंत. घरी जाईपर्यंत माझी मान अशी वर होती की वेशीची कमान मला वाकून पार करावी लागली.

आणि तसंच झालं. तुम्ही गेलात त्या सकाळी विल्सनराव मला अंगणात बाजूला घेऊन गेले. इतक्या वर्षांत माणूस बदलला होता, मास्तर. तुम्ही गेलात म्हणून लहान लेकरासारखे रडून आले होते. "दत्तराव, त्या अनोळखी माणसाला आपण मानानं फाटकाजवळ नेऊ, प्रार्थना करू, सगळं रीतसर. इतक्या वर्षांत कोणी विचारायला आलं नाही. मास्तर मार्थाबाईंजवळच पाहिजेत. फक्त करुणाताईंचं मन मानत नाही. मास्तरांची शेवटची इच्छा तशीच होती, एवढं तुम्ही म्हणा."

एवढंच म्हणायचं होतं. एक वाक्य. आणि ते खोटं कुणाला बोचणार होतं? गोणपाटाखालच्या त्या माणसाला? त्याला तर मान मिळत होता. मला तुम्ही रोज उपटायचात ते गवत आठवलं, तो 'आलोच' आठवला. जिभेवर अशी थाप तयार झाली मास्तर, तुमचा आवाज, तुमचा खोकला, शेवटी थोडा दम घेणं, सगळ्यासकट. मी म्हणालो असतो तर तुम्ही स्वतः उठून म्हणाला असतात, व्हय, असंच म्हणालो होतो.

तेवढ्यात करुणा बाहेर आली. डोळे सुजलेले. पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"काका, बाबा तुमच्याशी काय बोलले? तुम्ही सांगाल तसं करू." मग तिनं तुमच्यासारखीच भुवई वर केली. "डबा वजा करून सांगा."

मी सगळ्या अंगणाकडे बघितलं. आयुष्यभर मी जे बोललो त्यातलं लोक पाठीमागं वजा करत आले. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे जसंच्या तसं घ्यायला उभे होते. तिथं थाप मारायची म्हणजे धडा न करता माप टाकल्यासारखं होतं.

"हलवू नका म्हणाले," मी म्हणालो. "तो आधी आलाय म्हणाले. मार्थेला पाहुण्यांची सवय आहे म्हणाले. मला फाटकाजवळ टाका म्हणाले. संपलं. यात डबा न्हाई, बाई."

करुणा रडली. पण रडता रडता पाहुण्यांची सवय ऐकून हसली, आणि म्हणाली, "हे बाबाच." विल्सनरावांनी चष्मा काढून पुसला. या खेपेला खऱ्यावर पुसला.

मग जागेचं आलं. करुणा म्हणाली, फाटकाजवळ नको, त्या पाहुण्याच्या पलीकडे तरी द्या, एका ओळीत तिघं राहतील. पलीकडे बघितलं तर जागा कमी. मी दोरी धरली, मापाचं काम म्हटल्यावर दुसऱ्याला कशाला हात लावू देऊ? दोन हात कमी भरत होते. पुढं बापूरावचा बांध.

आणि बांधावर बापूराव. काठी घेऊन, धोतर खोचून उभा. सगळ्यांना वाटलं, राखायला आलाय. मलाही वाटलं. इतकी माणसं बांधाजवळ जमलेली पाहून त्याची झोप उडाली असणार. मी दोरी गुंडाळली आणि म्हणालो, चला, फाटकाजवळ.

"कुठं चालले?" बापूराव ओरडला.

"फाटकाकडं. हितं बसत न्हाई."

"काहून बसत न्हाई? घ्या की इकडं दोन हात."

"इकडं म्हंजे कुठं?" मी विचारलं.

"म्हंजे काय? मराठीत बोलून राहिलो ना? बांध फोडा. मास्तरला फाटकाशी टाकता व्हय, चपला सोडायच्या जागी? बराबर दिसत न्हाई ते."

मी गुंडाळलेली दोरी पुन्हा सोडली. "बापूराव, तुला कोणी सांगितलं?"

तो माझ्याकडे असा बघायला लागला जसा मी वेडा झालोय. "सांगायला काहून पाहिजे कोणी?" म्हणाला, आणि काठी टाकून कुदळ घेतली. स्वतःच्या बांधावर पहिला घाव त्यानंच घातला.

मास्तर, तेव्हा तुमची पेटी दहा पावलांवर होती. मी तिच्याकडे बघितलं आणि जोरात म्हणालो, "ऐकलं का?" लोकांना वाटलं, दत्ताचं डोकं फिरलं. पाळकसाहेबांना मात्र समजलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि या खेपेला ती उभी हलली, हे मी तुम्हाला खात्रीनं सांगतो.

तर आता तिघं आहात. कडेला वहिनी, मध्ये पाहुणा, मग तुम्ही. वहिनींनी त्याचं नाव-गाव एव्हाना काढून घेतलं असेल आणि तुम्ही दोघांच्या मध्ये बोलू बघत असाल. आपला वाद मी सोडलाय असं समजू नका. खोटं बोलून भलं होत असेल तर काय, हा सवाल माझ्याकडे अजून जसाच्या तसा आहे. फक्त एवढं मान्य करतो की त्या अंगणात मी थाप मारली असती, तर बापूराव आज काठी घेऊन बांधावरच उभा असता, आणि तुम्ही सांगितलेली धूळ कुणाला उडालेली दिसली नसती. तुम्ही थांबलात, मी नाही थांबलो. मास्तर, या एका मुद्द्यावर तुम्ही जिंकलात, आणि मी ते हिंगोलीच्या मार्केटात उभं राहून सांगितलंय, या खेपेला तुमचं नाव घेऊन.

आता तिथले लोक मला विचारतात, दत्तराव, बापूरावनं मास्तरांसाठी किती जागा सोडली हो? मी सांगतो, अर्धा एकर, विहिरीसकट.

हं. ऐकू आलं.

बरं. दोन हात.

पण बापूरावचे दोन हात, मास्तर. मी स्वतः मोजलेत, आणि त्यात एक बोटसुद्धा वाढवलेलं नाही.